डावं सिलिंडर

दादाच्या पंचाहत्तरीला त्याच्या मुलांनी गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर दादा, आत दादा, मलपृष्ठावर दादा आणि वहिनी. सातव्या पानावर एक परिच्छेद आहे. ‘तरुणपणी त्यांनी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय एक जुनी जर्मन मोटारसायकल पूर्ण सुटी करून पुन्हा बांधली. या कामी त्यांना वडिलांचे मार्गदर्शन व धाकट्या बहिणीची मदत लाभली.’ समारंभात मी पहिल्या रांगेत बसले होते. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हातातली मठ्ठ्याची वाटी शेजारच्या खुर्चीवर ठेवून उठले. रिक्षा करून वाघोलीला घरी आले आणि नेसत्या साडीनिशी लिहायला बसले. ‘कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय’ हे मात्र शंभर टक्के खरं आहे. दादाला त्या इंजिनाचं काडीचंही प्रशिक्षण नव्हतं. बाकी सगळं खोटं आहे, आणि ते खोटं सांगायला सुरुवात दादाने केली नाही, अण्णांनी केली. म्हणून राग अजून जात नाही. दादावरचा राग केव्हाच गेला असता.

आम्ही नारायण पेठेत राहायचो. एका साध्या तीनमजली इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पत्र्याची शेड. शेजारी छापखाना. सकाळी आठला त्याचं यंत्र सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी बारीक आवाजात किणकिणायला लागायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबलं की घरातली माणसं उगाचच मोठ्याने बोलत असल्याचं सगळ्यांच्या लक्षात यायचं. अण्णा खडकीला एका सरकारी कारखान्यात फिटर होते. आमचे सगळे काका-मामा मास्तर नाहीतर कारकून, त्यामुळे लग्नकार्यात ‘हे आमचे हाताने काम करणारे’ अशी अण्णांची ओळख करून दिली जायची. अण्णा हसायचे. हाताने काम करणाऱ्या त्या माणसाचे हातच पुढे कापायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. कारखान्याने त्यांना भांडारात नोंदी करायला बसवलं. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे, आणि आई कप अर्धाच भरायची.

गाडी आली ती लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून. अण्णांनी त्यांच्या विहिरीचा पंप दुरुस्त करून दिला होता. त्यांच्या आवारात एक मोटारसायकल पडून होती, तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. डॉक्टर म्हणाले, “घेऊन जा, माझ्याच्यानं आता होत नाही.” अण्णांनी ती हातगाडीवर घालून आणली. आईने दारातूनच विचारलं, “हे काय?” अण्णा म्हणाले, “बॉक्सर.” आई म्हणाली, “अंड्यांचा वास येतोय बॉक्सरला.”

बॉक्सर म्हणजे काय हे मला अण्णांनी जेवताना पानात शिकवलं. पोळीचे दोन तुकडे वाटीच्या दोन बाजूंना आडवे ठेवले. वाटी म्हणजे इंजिनाचं पोट, तुकडे म्हणजे दोन सिलिंडर, गाडीच्या दोन्ही अंगांना कोपरं काढल्यासारखी बाहेर आलेली. आतले दोन पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. एकाने डावीकडे मारलेला धक्का दुसऱ्याने उजवीकडे मारलेला धक्का खाऊन टाकतो, म्हणून इंजिन थरथरत नाही. “इंग्रजांनी काय केलं,” अण्णा म्हणाले, “दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी उभी केली आणि दोन्ही पिस्टन एकदमच वर पाठवले. सगळी थरथर बसणाऱ्याच्या हाडांत. दहा मैलांवर एक नट गळतो, आणि तेल तर गळतंच. इटलीवाल्यांनी एक सिलिंडर आडवं ठेवलं आणि एक उभं. समतोल उत्तम, पण मागच्याला वारा लागत नाही, ते बिचारं तापतं. व्हॉल्व्ह मिटायलासुद्धा त्यांच्यातल्या एकाने स्प्रिंग ठेवली नाही, दुसरी दांडी लावून ओढून मिटवतात. वेळच्या वेळी फट तपासली नाही की संपलं.” आणि मग पोळीच्या तुकड्यांकडे बघून म्हणाले, “हा जर्मन बघ. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात.” आई म्हणाली, “आमटी निवतेय वाऱ्यात.” हल्ली वाघोलीच्या चौकात तसल्या मोठ्या इटालियन गाड्या दिसतात. सिग्नलला तापलेल्या मागच्या सिलिंडरने मांड्या भाजणारी पोरं अस्वस्थपणे पाय फाकून उभी असतात. मला तेव्हा हसू येतं आणि अण्णांची आठवणही येते, आणि आठवण आली की राग येतो. माझ्या बाबतीत ही तिन्ही एकाच क्रमाने येतात.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो, दुसरी पहिल्या वर्षाअखेर लग्न होऊन गेली. ती गाडी बांधायला तीन वर्षं लागली. अण्णा स्टुलावर बसायचे, मी खाली पोत्यावर. ते सांगायचे, मी करायचे. पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी मी करायचे आणि ते फक्त बघायचे. तिसऱ्या वर्षी ते विचारायचे, “आता काय करणार आहेस?” झिजलेला गिअर मीच ओळखला. दोन्ही सिलिंडरच्या टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या दांडीमधली, फट पातळ पत्र्याच्या मापाने मीच बसवली. अण्णांच्या हातात ते माप पानासारखं हलायचं. पिस्टनच्या पिनेला एक बारीक तारेचं लॉक असतं. ते नखाएवढ्या खाचेत बसवताना उडून जायचं, मग शेडमध्ये आम्ही दोघं गुडघ्यांवर. दादा अधूनमधून दारात उभा राहायचा. देखणा होता, गोड बोलायचा, बी.कॉम.च्या परीक्षेत दोनदा आपटला होता. तो म्हणायचा, “झाली का? पहिली चक्कर माझी हं.” एवढंच त्याचं योगदान. हात धुवायला आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग कपड्यांचा साबण. तरी मेतकूट-भात कालवताना बोटांना वास यायचाच. आई म्हणायची, “मुलगी बघायला येणाऱ्यांना सांगू, अत्तर आहे.”

एका गोष्टीवर मात्र आम्हाला इलाज सापडला नाही. डाव्या कार्बोरेटरमधली सुई, जी पेट्रोल पुरेसं झालं की वाट बंद करते, ती झिजली होती. नवी मिळेना. मी लेथवर एक करून पाहिली, ती बरी होती, पण भरवशाची नव्हती. त्यात अण्णांनी गाडीला बाजूचा स्टँड स्वतः करून घेतला होता, कारण मधल्या स्टँडवर ती जड गाडी चढवणं त्यांना जमत नव्हतं. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते. कललेली गाडी, झिजलेली सुई, आणि टाकीचा कॉक उघडा राहिला, तर पेट्रोल थेंबाथेंबाने सगळं डाव्या सिलिंडरमध्ये. पेट्रोल काही हवेसारखं दाबलं जात नाही, जोर लावला की आतलं लोखंडच वाकतं. म्हणून आमचा नियम होता: उतरायच्या आधी कॉक बंद. हा नियम अण्णांनी दादाला सांगितला, मी दादाला सांगितला, आणि दादा दोन्ही वेळा “हो हो” म्हणाला.

गाडी सुरू झाली त्या दिवसाचं मी फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल मला राग नाही आणि आज मला रागाचंच लिहायचं आहे. छापखान्याचे लोक काम टाकून बघायला आले होते, एवढंच सांगते. ॲक्सिलरेटर पिळला की सगळी गाडी जागच्या जागी उजवीकडे झुकायची, आत फिरणाऱ्या क्रँकचा तसा पीळच असतो. आणि आई दचकून म्हणायची, “पडतेय, पडतेय!”

मग शहरातल्या हौशी लोकांनी एका शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. थंडीतली सकाळ होती. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आईसुद्धा आली होती, डब्यात साटोऱ्या घेऊन. गाडी दादा चालवत घेऊन गेला. मला चालवता येत होती, पण शेडच्या बाहेर नाही, लोक काय म्हणतील. आम्ही तिघं पायी गेलो. तिथे मोघेसाहेब नावाचे एक गृहस्थ होते. हडपसरला त्यांचा शेतीपंपांची इंजिनं बनवायचा कारखाना होता, आणि प्रदर्शनात त्यांची स्वतःची एक इंग्रजी दोन सिलिंडरची गाडी होती, तिच्याखाली तेल झेलायला परात ठेवलेली. ते आमच्या गाडीपाशी आले, बराच वेळ ऐकत राहिले, मग खिशातून चार आण्याचं नाणं काढून त्यांनी चालत्या इंजिनावर कडेवर उभं केलं. नाणं उभं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोघेसाहेबांनी टाळी वाजवली नाही. ते म्हणाले, “कुणी बांधलं हे?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. हे मला शपथेवर सांगायचं आहे, की त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी हसायला लागलेही होते. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि दादाच्या खांद्यावर तो कापणारा हात ठेवला.

“आमच्या श्रीकांतनं,” ते म्हणाले. “मी फक्त सांगत होतो.”

“शिकलाय काय?”

“कॉमर्सला होता. पण हात यंत्राचा आहे.”

“मग कॉमर्स गेलं खड्ड्यात,” मोघेसाहेब म्हणाले. “सोमवारी ये रे. टेस्टिंगला मला माणूस हवाच आहे.” दादाने एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग वाकून साहेबांच्या पाया पडला. आईच्या हातात साटोऱ्यांचा डबा उघडा होता. तिने तो मिटला.

पदविका हातात घेऊन मी तोवर कितीतरी कारखान्यांना अर्ज केले होते. काहींनी उत्तरच दिलं नाही. काहींनी सभ्य उत्तर दिलं, की आमच्याकडे वर्कशॉपमध्ये महिला घेत नाहीत, टंकलेखन येत असल्यास कळवावे. ही उत्तरं अण्णांनीच मला वाचून दाखवली होती आणि स्वतः चिडून म्हणाले होते, “मूर्ख आहेत लेकाचे.” त्याच माणसाने, दार आपणहून उघडलं तेव्हा मला बाजूला सारून दादाला आत ढकललं.

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही. “अण्णा, का?”

“हळू बोल. छापखाना बंद झालाय, शनिवार आहे.”

“असू दे बंद. का?”

अण्णा खाटेवर बसले. “त्याचं काय होणार, शैला? दोनदा नापास. उद्या मी गेलो तर हा कुठे जाणार? तू हुशार आहेस. तुझं चांगलंच होईल.”

“चांगलं होईल म्हणजे काय होईल?”

“स्थळं येतायत की.”

“म्हणजे मी हुशार आहे म्हणून मला काही द्यायचं नाही, आणि तो नालायक आहे म्हणून त्याला माझं द्यायचं.”

दादा दारात होता. “नालायक कुणाला म्हणतेस? मी मागितलं होतं का? अण्णाच म्हणाले.”

“तू नाही म्हणायचंस.”

“सगळ्यांसमोर अण्णांना खोटं पाडू?” हे त्या दिवसाचं एकमेव बरं वाक्य, आणि तेही त्याने स्वतःच्या सोयीसाठी वापरलं. आई म्हणाली, “आधी जेवा.” कुणीच जेवलं नाही. मसालेभात होता. दुसऱ्या दिवशी तिने तो कामवाल्या बाईला दिला आणि मला म्हणाली, “पुन्हा कुणी या घरात भांडायच्या आधी मला सांगा, मी चूल पेटवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी रविवार. दादा दुपारभर गाडी घेऊन मित्रांकडे मिरवत होता. दिवेलागणीला मी दूध आणायला निघाले तर गाडी बोळात, बाजूच्या स्टँडवर, डावीकडे कलून उभी. दादा कट्ट्यावर मित्रांना उद्यापासूनच्या नोकरीचं सांगत होता. कॉक उघडा होता. त्याची छोटी पितळी दांडी मला इतकी स्वच्छ दिसली, की आजही डोळे मिटले तरी दिसते. हात लांब केला असता तर बंद झाला असता. मी दुधाचं भांडं या हातातून त्या हातात घेतलं. मनात म्हटलं, ज्याने बांधलं त्याने बंद करावा. आणि मी पुढे गेले. परत येतानाही उघडाच होता. परत येतानाही मी तशीच आत गेले.

लोक म्हणतात रागाच्या भरात माणसाला कळत नाही. मला सगळं कळत होतं. थेंब कुठून कुठे जाईल, किती वेळात सिलिंडर भरेल, सगळं. तीन वर्षं मी तेच शिकले होते.

सोमवारी सकाळी दादा नवी पँट घालून निघाला. किक मारली ती दगडाला पाय लागल्यासारखी थांबली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. तिघं मित्र शुभेच्छा द्यायला आलेच होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “अरे, ढकलून होईल.” त्यांनी गाडी बोळाबाहेर नेली, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडावर. अण्णा गंजीफ्रॉकमध्ये दाढी करत होते. किकचा अडकलेला आवाज त्यांना कळला. ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर धावले आणि ओरडले, “थांबा! ढकलू नका! प्लग काढा आधी!” पण आठ वाजले होते. छापखान्याचं यंत्र सुरू झालं होतं. त्या धडधडीत एका कापऱ्या आवाजाच्या माणसाचं कोण ऐकणार? मी दारात उभी होते. माझा आवाज मोठा होता. मी ओरडायला तोंड उघडलं, हे खरं. तोवर गाडी उतरणीला लागली होती, हेही खरं. दादाने गिअर टाकला, क्लच सोडला, आणि एक बसका, भरलेला आवाज आला. मागचं चाक घासत गेलं आणि गाडी आडवी थांबली. दादाला लागलं नाही. तो हात झटकत म्हणाला, “काय भंगार आहे!”

अण्णा उतारावरून सावकाश खाली गेले. वाकले. कॉक बंद केला. त्यांना तो बंद करायला दोन्ही हात लावावे लागले. दादा बसने हडपसरला गेला. आम्ही गाडी ढकलत वर आणली तेव्हा अण्णांनी मला विचारलं, “काल संध्याकाळी दुधाला तूच गेली होतीस ना?”

“हो.”

“कॉक उघडा होता?”

“हो.”

त्यांनी हँडल धरून गाडी शेडकडे वळवली. मला वाटतं, एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग मलाही बोलता आलं असतं. शेडमध्ये जाऊन मी त्या डाव्या सिलिंडरवर हात ठेवला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मी दादाचं काहीही बिघडवलेलं नाही. दादा बसमध्ये बसून नोकरीवर गेला होता. मोडलं होतं ते माझंच.

अण्णांनी मला इंजिन उघडायला बोलावलं. मी म्हटलं, “तुमच्या मुलाला सांगा. त्यानं बांधलंय ना.” मग ते एकटेच उघडायला बसले. रोज कामावरून आल्यावर चहा घेऊन शेडमध्ये जायचे. मी आत खोलीत बसायचे आणि मला ऐकू यायचं. पाना घसरायचा. नट फरशीवर पडायचा, घरंगळायचा, थांबायचा. मग अण्णा तो शोधायचे, मग पुन्हा तोच नट पडायचा. माझ्या हाताला पाच मिनिटांचं काम त्यांना दोन संध्याकाळी पुरलं. मी उठले नाही. दादाही उठला नाही. पण त्याच्या न उठण्यात नवीन काही नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी आईने पोळ्या अर्ध्यावर टाकून तवा उतरवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुझा राग खरा आहे,” ती म्हणाली. “मी त्याला नावं ठेवत नाही. मैदानावर मला जे वाटलं ते मी अजून यांना बोललेली नाही, बोलेन तेव्हा बोलेन. पण तो नट पडण्याचा आवाज मला सहन होत नाही. तू जातेस का?”

“नाही.”

“बरं.” तिने पदर खोचला आणि ती स्वतः शेडमध्ये गेली. आई, जिला ते सगळं भंगार वाटायचं, ती खाली पोत्यावर बसून अण्णांना विचारत होती, “हा कुठल्या बाजूला फिरवायचा?” मी आत बसून ऐकत होते. माझी जागा होती ती. आणि मीच ती सोडली होती. हे दोन्ही एकाच वेळी खरं असणं फार अवघड जातं.

काही दिवसांनी वाकलेला रॉड बाहेर निघाला. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा तो वीतभर लोखंडी दांडा. बघणाऱ्याला वाकलेला कळणारही नाही इतका थोडा, पण इंजिनासाठी संपलेला. अण्णांनी तो स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवला. तिथे दोन दिवस तो पडून होता. तिसऱ्या दिवशी मी तो उचलला, आईच्या बाजाराच्या पिशवीत घातला आणि हडपसरची बस पकडली.

तोवर दादाचं बिंग फुटलं होतं. आठवड्याभरात कळलं की त्याला टॅपेटची फटसुद्धा लावता येत नाही. पण कुणी काढलं नाही त्याला. त्याच आठवड्यात आलेल्या एका अडेल व्यापाऱ्याशी तो असं काही गोड बोलला, की साहेबांनी त्याला विक्रीला बसवलं, आणि तिथे तो पुढे तीस वर्षं चमकला. आहे तो गुण त्याच्यात, मी नाकारत नाही. फक्त इतकंच, की त्याला सापडायला जागा मिळाली.

“बस ना,” मोघेसाहेब म्हणाले. मी बसले नाही. टेबलाच्या काचेवर रॉड ठेवला. “तुमच्या श्रीकांतची मी बहीण. ते इंजिन मी बांधलं होतं.”

त्यांनी रॉड उचलून डोळ्यांसमोर धरला. “ढकलून सुरू केली?”

“हो. डावं सिलिंडर पेट्रोलनं भरलं होतं. सुई झिजलेली, कॉक उघडा राहिला.”

“कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“माझ्या आलं होतं.”

“मग?”

“मी बंद केला नाही. राग आला होता.”

त्यांनी रॉड काचेवर परत ठेवला. मग म्हणाले, “आणि असं माणूस मी टेस्टिंगला ठेवू? राग आला की इंजिन मोडणारं?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मी बसमध्ये ठरवलं नव्हतं. “ज्याला कळत नाही त्याच्या हातून रोज मोडतं, आणि का मोडलं ते त्याला सांगता येत नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडून एकदा मोडलं. का मोडलं ते मी तुम्हाला सांगितलं. तुमच्या इथे आणखी कोण सांगेल?”

त्यांनी मला शॉपमध्ये नेलं. एक इंजिन बाकावर ठोका देत चालू होतं. त्यांनी विचारलं, मी ऐकलं, सांगितलं. उघडून बघितलं तर तसंच होतं. तिथले कामगार सरळ तोंडाकडे बघत उभे होते. परत येताना साहेब म्हणाले, “तुमचं सगळं ठीक आहे हो. पण एक अडचण आहे. आमच्या शॉपमध्ये बायकांसाठी संडास नाही.” ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं तेवढ्यात.

“मग बांधा,” मी म्हटलं.

“पाहतो.”

पाहायला त्यांना अकरा महिने लागले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी जायचे आणि दारातूनच विचारायचे, “झाला का?” पाया खणला, काम थांबलं, कंत्राटदार पळाला, दार चुकीच्या मापाचं आलं. एक मोडकं इंजिन शून्यातून उभं करायला एका मुलीला तीन वर्षं लागली, तर एका कारखान्याला चार भिंती आणि एक दार उभं करायला अकरा महिने, हे प्रमाण मला आजही पटलेलं नाही. पण बांधला. आणि मी लागले.

गाडी पुन्हा उभी राहिली नाही. रॉड मिळाला नाही म्हणा, किंवा कुणी मनापासून शोधला नाही म्हणा. पहिल्या दिवशी कामावरून घरी आले तेव्हा अण्णा स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. माझ्या नखांतलं तेल त्यांनी पाहिलं.

“कुठलं दिलं?” त्यांनी विचारलं. वर्षभरात आम्ही नीट बोललो नव्हतो.

“पंपाचं. एका सिलिंडरचं.”

“एकाचं सोपं.”

“सोपं नाही. एकाचा धक्का खायला समोर दुसरं नसतं. फार हादरतं.”

“फ्लायव्हील जड असेल.”

“आहे. तरी हादरतं.”

त्यांनी बोटाने फरशीवर ते जड चाक काढून दाखवलं, वजन कुठे असतं आणि कुठे असायला हवं ते. मी खाली बसले आणि दुसऱ्या बाजूने काढून दाखवलं. आईने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताटंच तिथे आणून ठेवली. तो राग जागच्या जागी होता, तसूभर हलला नव्हता, आणि तरी आम्ही बोलत होतो. त्यानंतर अण्णा बरीच वर्षं होते. इंजिनाबद्दल आम्ही रोज बोललो. ते ‘चुकलं’ म्हणाले नाहीत. मी ‘असू दे’ म्हणाले नाही.